काताचे डाग

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. इंझोरीच्या शाळेत चार यत्ता झाल्या, त्याही कापूस वेचणीचे महिने वगळून. पुढे हातात लेखणी आली ती फार तर कोणाच्या बाळंतपणाचं माहेरी कळवायला. आता बोटं ताठतात, ओळ खाली खाली घसरते, आणि एकच शब्द मी एका पानावर दोन तऱ्हांनी लिहिते हे माझं मलाच दिसतं. कोणाच्या हाती हे कागद लागलेच तर त्याने तेवढं पोटात घालावं. न वाचता ठेवून दिले तरी चालेल. यातलं काही मी कधी तोंडाने सांगितलेलं नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला घाम सुटतो, आणि हे तर बायकांतही बोलायचं नाही असं आहे. म्हणून लिहिते.

आमच्या घरात माय, बाबा, गोदाअक्का आणि मी. अक्का माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. सकाळी मला जाग यायची ती जात्याच्या आवाजाने. एका बाजूला माय, एका बाजूला अक्का, आणि मध्ये ज्वारीचं पीठ सांडत असायचं. माय गाणं म्हणायची, अक्का नुसतीच हसायची, कारण तिला सूर नव्हता. तिच्या हातची जवसाची चटणी मात्र अशी असायची की बाबा तिच्यासाठी एक भाकर जास्त खायचे आणि वर म्हणायचे, "गोदी सासरी गेली का मी उपाशी मरतो." ती गेली, आणि बाबा काही उपाशी मेले नाहीत. मूर्तिजापूरपासून दोन कोसांवरच्या एका गावी तिला दिली. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांची माणसं अजून तिथे आहेत. घर खाऊन-पिऊन सुखी, नवरा एकुलता एक, घरात विधवा सासू. गळ्यात तुळशीची माळ, कोणाच्या हातचं न खाणारी, शिवाशिव फार पाळणारी. मी तिला मावशी म्हणायची, अक्काच्या नवऱ्याला भाऊजी.

दुसऱ्या वर्षी अक्का पहिल्या बाळंतपणात गेली. माहेरी आणायचं ठरलं होतं, पण त्यांनी पाठवली नाही. आम्हाला निरोप पोचला तोवर सगळं आटपलं होतं. फिट आली असं त्यांनी सांगितलं. लेकरू जगलं होतं, मुलगा. तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर जुनी माणसं ओट्यावर बसली आणि त्यांनी तिथेच ठरवलं की लेकराला सावत्र आई नको, सख्खी मावशीच आई होऊ दे. ती मावशी म्हणजे मी. मी आत भांडी घासत होते. मला कोणी विचारलं नाही यात काही नवल नव्हतं, तेव्हा कोणालाच विचारत नसत. आमच्यात त्या काळी मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला पैसे द्यायची रीत होती, त्याला देज म्हणत. बिजवराला देज जास्त पडायचं. बाबांनी ते घेतलं आणि शेतातली विहीर खोल करायला घातलं. खाली काळा दगड लागला. सुरुंग लावले, वडारी आणले. पैसे संपले आणि पाणी लागलं नाही.

लग्न मात्र लगेच लावायचं नव्हतं. मावशीचं म्हणणं, लहान पोर घरात आणून तिला पोसायची कशाला. पदर आला की अक्षता टाकू. पदर येणं म्हणजे मुलगी शहाणी होणं. ते झालं की आमच्याकडे लपवत नसत. उलट गावभर साखर वाटायची, पोरीला हळद लावून वेगळं बसवायचं, बायका ओटी भरायला यायच्या. मीही अशा घरी साखर खाऊन आले होते, पण त्या पोरीला नेमकं काय होतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. एवढं ठाऊक होतं की ते आलं की मी त्या घरची.

दिवाळी झाल्यावर लेकराला सांभाळायला म्हणून मला तिथे नेऊन ठेवलं. तिथल्या घराचा आवाज मला अजून ऐकू येतो. तिथे जातं गडीमाणसाची बायको ओढायची, गाणं कोणी म्हणत नसे. आवाज म्हणजे मावशीच्या जपाचा आणि भाऊजींच्या जोड्याचा. जोडा अंगणात वाजला की लेकरूसुद्धा रडायचं थांबायचं, हे मी खोटं सांगत नाही. मला अक्काची लुगडी नेसायला दिली. एक फिकट पिवळं होतं, त्याच्या पदराला तिच्या चटणीचा वास होता असं मला वाटायचं, नसेलही. लेकराला शेळीचं दूध बोंडल्याने पाजायचं, ते अर्धं ओकून टाकायचं. त्याचे पाय माझ्या अंगठ्याएवढे होते. रात्रंदिवस ते माझ्याच अंगावर, त्यामुळे त्याला माझा आणि मला त्याचा लळा लागला. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे ते लागेल.

अक्काला फिट आली नव्हती. शेजारची सखू विहिरीवर भेटायची, ती आधी आधी माझ्याकडे पाहून तोंड फिरवायची. एक दिवस दोघीच असताना तिने बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "तुले सांगू का नोको, मले समजत नाई. पण तूबी तिथीच चालली." मग सांगितलं. आठव्या महिन्यात भाकर करपली म्हणून भाऊजींनी अक्काला ओट्यावरून लोटून दिलं. तेव्हापासून अंगावर जात होतं, तरी घागरी वाहायला लावल्या. बाळंत झाल्यावर रक्त थांबेना. सुईण म्हणत होती मूर्तिजापूरच्या दवाखान्यात न्या, तर मावशी म्हणाली, तिथे परक्या जातीचे हात लागतात. "पानी मांगत होती," सखू म्हणाली. "बायतिनीले पानी देत नाई म्हनून थेबी देल्लं नाई. भितीच्या अल्याड आमाले आयकू येत होतं." मी घागर भरली आणि घरी आले. मनात एकच धरून बसले की हे मायला सांगायचं. निरोपात सांगता येत नाही, पत्र लिहिलं तर टपालात कोण टाकणार. स्वतःच जायला पाहिजे, आणि पदर यायच्या आधी जायला पाहिजे.

बाबांनी संक्रांतीसाठी मला आठ दिवस पाठवा म्हणून दोन-तीन वेळा निरोप धाडला. मावशी शेवटी तयार झाली ती माझ्यासाठी नाही. लेकरू खंगत चाललं होतं, कारंज्याला एक वैद्य होता, त्याला दाखवायचं होतं. तेव्हा मला कारंजा स्टेशनवर बाबांच्या हवाली करायचं, वैद्य करायचा आणि परत फिरायचं, असं ठरलं. आठ दिवसांनी बाबांनी मला परत आणून सोडायचं.

मूर्तिजापूरहून कारंज्याला लहान गाडी यायची. अरुंद रूळ, बुटके डबे. हंगाम कापसाचा होता, स्टेशनात रुईच्या गाठी रचलेल्या, आणि गाडी जायची त्या वाटेने दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे झुपके लटकलेले. जनाना डब्यात आम्ही बसलो. मावशीने बाकावर आधी स्वतःची धाबळी अंथरली आणि तिच्यावर बसली. मी लेकरू मांडीवर घेऊन तिच्या शेजारी, उघड्या फळीवर. समोरच्या बाकावर एक पिंजारीण होती. तिच्यापाशी पिंजलेल्या कापसाचं भलंमोठं गाठोडं आणि एक नवी रजई, कारंज्याच्या कुण्या शेटजीच्या घरी लग्नाला पोचवायची. तिचा नवरा कापूस पिंजायची धनुकली घेऊन पुढच्या मर्दानी डब्यात होता. तिच्या केसांत, भुवयांत कापूस अडकलेला, त्यामुळे ती आधी म्हातारी वाटली. मग पाहिलं तर तिशीचीच असेल. ती आमच्यासारखंच बोलायची, मधेच एखादा शब्द मुसलमानी. तोंड मात्र थांबायचं नाही. मावशी तिच्यापासून पदर आवरून बसली होती, पण गाडीत दुसरं करायचं काय, तीही बोलायला लागली.

"पोट्टी कोनाची, अम्मा?" पिंजारणीने विचारलं.

"सून करून राह्यलो."

"लहान दिसते."

"लहान हाये म्हनून त अटकलं. पदर आला का येत्या गुरवारी अक्षता टाकून मोकये. मांडव नाई, वाजा नाई. दुसरेपनाच्या लग्नाले कायचा मांडव?"

"अन् पयली?"

"हिचीच बहीन. बायतपनात गेली. तकलादू होती ते." मग मावशीने माझा दंड दाबला, बाजारात गोऱ्ह्याची पाठ दाबून पाहतात तसा. "हिचा बांधा बरा हाये. हे टिकंन."

माझ्या मनगटावर भाऊजींनी धरल्याचा वळ होता, तिकडे पिंजारणीने एकदा पाहिलं आणि गाठोड्याची गाठ उगीच सोडून पुन्हा बांधली.

माझं पोट सकाळपासून दुखत होतं. मला वाटलं भुकेने, कारण मावशीचं आटपेपर्यंत मला खायला मिळालं नव्हतं. मग ते दुखणं कमरेत उतरलं. लेकरू रडायला लागलं, मावशी म्हणाली आण इकडे, मी पाजते. तिने दुधाचा लोटा आणि बोंडलं काढलं आणि खिडकीकडे तोंड करून लेकराला पाजायला लागली. लेकरू देण्यासाठी मी उभी राहिले आणि परत बसणार, तेवढ्यात पिंजारणीने माझ्या लुगड्याचं टोक धरलं. वर पाहिलं तर तिच्या तोंडावरचं हसू गेलेलं. तिने नुसते डोळे खाली केले. मी मागे वळून पाहिलं. अक्काच्या पिवळ्या लुगड्यावर लाल डाग होता, बाकावरही होता.

मला पहिल्यांदा वाटलं ते सांगते. मला वाटलं, मी मरते. रक्त थांबलं नाही की बाई मरते, हे सखूने मला सांगितलं होतं. दुसरं रक्त असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. मी मटकन खाली बसले. पिंजारीण पुढे वाकली आणि गाडीच्या आवाजात फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "पयल्यांदा?"

तिच्या त्या एका शब्दाने मला सगळं कळलं. हे मरण नव्हतं. हेच ते, ज्याच्यासाठी गुरुवार ठरलेला होता. मावशीने मागे वळून पाहिलं असतं तर वैद्य राहिला असता बाजूला. परतीच्या गाडीने आम्ही तशाच मागे फिरलो असतो, आणि बाबा स्टेशनावर हळदीचं आमंत्रण घेऊन एकटे घरी गेले असते. माय मला भेटली असती ती मुंडावळ्या बांधल्यावर. तिथे मी काय सांगणार होते?

मी कधी परक्याशी बोलत नसे. वाण्याच्या दुकानातसुद्धा पैसे ठेवून बोटाने दाखवायची. पण त्या वेळी मी बोलले. "मले मायपाशी जाऊ द्या," मी म्हणाले. "अक्काचं सांगाचं हाये. तिले यायनं मारलं."

एवढंच. तिने 'कोणी' विचारलं नाही, 'कसं' विचारलं नाही. मागे सरकून बसली, पानाचा डबा उघडला आणि पान लावायला घेतलं. डब्यात भिजवलेल्या काताची पितळी वाटी होती. तिने त्यात पाणी ओतून कात पातळ केला, बोटाने ढवळला. पानाला एवढा पातळ कात कोण लावतं, असं मला वाटलंही. एक लहानसं स्टेशन आलं, गाडी आचका देऊन थांबली. पिंजारीण गाठोडं सावरायला उठली आणि वाटीसकट, पाण्याच्या लोट्यासकट माझ्या अंगावर कोसळली. कात माझ्या मांडीवर, मागे, बाकावर, सगळीकडे. मला नीट आठवतं, आचका आधी बसला होता. ती पडली ती नंतर.

मावशी किंचाळली. "अवं भवाने, डोये फुटले का तुये? पोरीले पार बाटवलं ना."

"गाडी हालली त माया काय गुन्हा, अम्मा? डायवराले बोल."

"माया धाबळीले लागलं असतं मंग?"

"नाई लागलं ना. तुया धाबळीले जपूनच पडली म्या."

डब्यातल्या दुसऱ्या बायका हसल्या. एक म्हणाली, "पिंजारीण रंगारीण झाली आज." मावशी अजूनच तापली. म्हणाली, लुगड्याची भरपाई कोण देणार? पिंजारीण म्हणाली, "माया नवरा पुढच्या डब्यात हाये. त्याच्यापाशी धनुकली हाये, थे घेऊन जाय. तुया घरी कापूस पिंजत बस." पुन्हा हशा झाला. मावशीने लेकराला छातीशी धरलं आणि मी जरा तिच्याकडे सरकले तशी ओरडली, "शिवू नोको मले. लेकराले त बिलकूल शिवू नोको. उष्टा कात, तोबी त्याहीच्या हातचा. जाय, तिकडं तिच्यापाशीच बस. आंग धुतल्याबिगर मायाजवय यायचं नाई."

बाई बाहेरची झाली की तिला म्हणतात तेच सगळं ती मला म्हणत होती, एकही शब्द उणा नाही, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. शिवू नको, लेकराला धरू नको, वेगळी बस. पिंजारीण खाली मान घालून काताची वाटी पुसत होती. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय ते मला दिसलं नाही.

मग तिने मला डब्याच्या कोपऱ्यात नेलं. "वल्लं लुगडं बदलाले आडोसा पायजे ना पोरीले," असं मोठ्याने म्हणत शेटजीच्या लग्नाची नवी रजई दोन बाकांच्या मध्ये धरली. तिच्या आड तिने मला काय काय केलं आणि शिकवलं ते मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आपल्या जुन्या ओढणीची पट्टी फाडली, गाठोड्यातला पिंजलेला कापूस मूठभर काढला. माझं लुगडं तिने बदललं नाही, दुसरं होतंच कुठे. तेच उलटून नेसवलं. हात चालू असताना खालच्या आवाजात बोलत होती. "मरत नाई कोनी यानं. महिन्याच्या महिन्याले येते. पोट दुखलं त गूळ खाजो. कापूस रोज बदलजो, अन् कापड उनात वायवजो, अंधारात नोको." माझ्या मायने सांगायचं ते सगळं मला लहान गाडीत एका पिंजारणीने सांगितलं. मी रडत होते. तिने एकदा माझं तोंड आपल्या ओढणीने पुसलं, तेव्हा माझ्या भुवयांनाही कापूस लागला. तिच्या घरची गोष्ट मी विचारली नाही. तिला मुलगी असेल का, असली तर कुठे दिली असेल, हे आता मनात येतं, तेव्हा आलं नाही. नावही विचारलं नाही. माझ्यासारख्या माणसांचं असंच होतं. वेळेला तोंड उघडत नाही, आणि मग जन्मभर मनात विचारत राहतो.

कारंजा येईपर्यंत मी तिच्याच बाकावर बसले. तिने मला गुळाचा खडा दिला, तो मी मावशीकडे पाठ करून खाल्ला. उतरताना मावशीने लांबूनच माझ्या लुगड्याकडे पाहिलं. ते सगळं विटकरी झालेलं, वाळून कडक झालेलं. "काताचा डाग जात नाई," ती म्हणाली. "लुगडं गेलं." पिंजारणीने गाठोडं डोक्यावर चढवलं आणि जाता जाता तिला म्हणाली, "अम्मा, घरी गेल्यावर पोरीले चांगलं न्हाऊ घालाले सांगजो. तवरक कोनी शिवू नोका, नाईतर तुमीच म्हनसान पिंजारनीनं घर बाटवलं." मग माझ्याकडे न पाहता गर्दीत गेली. नवरा पुढे धनुकली घेऊन चालला होता, तिच्या तारेचा टणत्कार गर्दीतून दोनदा ऐकू आला.

बाबा गाडी जुंपून उभे होते. मावशीने त्यांना लांबूनच सांगितलं, "पोरगी बाटली हाये, आंघोय घालूनच घरात घ्या. आठ दिवसांनी आनून सोडा." लेकरू तिच्या खांद्यावर होतं. त्याने मला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. मला शिवायची बंदी होती. मी तशीच उभी राहिले. बाबांनी बैल हाकले. मी गाडीत पार मागे, पेंढीवर बसले आणि लेकराकडे पाहत राहिले, ते दिसेनासं होईपर्यंत. ते मी त्याला शेवटचं पाहिलं.

घरी माय भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला दारात आली. मी अंगणातच थांबले आणि म्हणाले, "शिवू नोको." तिने माझ्या लुगड्याकडे पाहिलं, अक्काचं लुगडं, सगळं कातात भिजलेलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. आईला कात दिसत नाही, दुसरंच दिसतं. तिने भाकरीचा तुकडा कुत्र्याला टाकला, मला मागच्या दाराने न्हाणीत नेलं आणि बाबांना मोठ्याने सांगितलं, "बाटली म्हनते ना विहीनबाई, त मी आंघोय घालतो." न्हाणीतच मी तिला सगळं सांगितलं. भाकर, ओटा, दवाखाना, पाणी. पाण्याचं ऐकल्यावर माय हातातला तांब्या धरून तशीच बसून राहिली. चुलीवरचं पाणी उकळून आटलं तरी उठली नाही. त्यानंतर मी तिला जात्यावर गाताना कधी ऐकलं नाही.

बाबांना तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. माझ्या पदराचं नाही, फक्त अक्काचं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "खरं असंन तरी शबद देल्ला हाये. पंच काय म्हनतीन?"

"शबद तुमी देल्ला," माय म्हणाली. "पोरगी म्या देल्ली होती. पयलीचं काय केलं त्याहीनं, थे आयकलं ना? हे नाई जात."

"अन् देज?"

"वापस करा."

"कायनं? दगडातून काढू?"

"काढा," माय म्हणाली. "दगडात तुमीच टाकलं."

आठ दिवस झाले, बाबांनी मला नेऊन सोडलं नाही. ते एकटेच गेले आणि सांगून आले की पोरगी देत नाही, आमची पहिली तुम्ही मारली. भाऊजी म्हणाले, सिद्ध करा. सखू कशाला बोलते. तिला तिथेच राहायचं होतं. पंच बसले. पंचांनी सांगितलं की देज फिरेपर्यंत पोरगी त्यांची, आणि त्याआधी पदर आला तर लग्न लावून द्यावं लागेल. मग बाबांनाही मायने खरं सांगितलं, कारण आता लपवायचं तर तिघांनी लपवायला हवं होतं. बाबा त्यानंतर माझ्याकडे सरळ पाहत नसत. लाजेने असेल, भीतीने असेल.

लपवणं सोपं नव्हतं. गावात विहिरीवर, वेचणीला, सगळ्या बायका एकमेकींचे दिवस मोजत असतात. माय स्वतःचे म्हणून माझे कपडे धुवायची. गावातल्या बायका म्हणायच्या, "शांते, तुले अजून कसं नाई वं? वाळलेलं खोड हाये का?" मी मान खाली घालायची. मुकी म्हणून माझी ख्याती होती, ती त्या वेळी कामाला आली. पोट दुखलं की गूळ खायची. पिंजारी गावात आला की माय त्याला ठरल्यापेक्षा पायलीभर ज्वारी जास्त घालायची, बाबा काही बोलत नसत. मी दरवेळी विचारायचं ठरवायची, कारंज्याच्या बाजूला एक बाई आहे, तिच्या नवऱ्याची धनुकली मोठी आहे. विचारलं कधीच नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, सगळ्यांचीच मोठी असते.

मायने लेकराला मागायला दोनदा माणूस पाठवला. त्यांनी दिलं नाही, म्हणाले आमचं बी आहे, तुमचं काय. पहिल्याच पावसाळ्यात हगवणीने ते गेलं. कळलं ते आठवडी बाजारात, परक्या माणसाकडून. माझ्या आयुष्यात मी ज्यातून सुटले त्याची किंमत काही लेकराने दिली असं मी म्हणत नाही. मी तिथे असते तरी ते वाचलं असतं असं नाही. पण त्याने पुढे केलेले हात मला या वयातही दिसतात. त्याचं अजून नावसुद्धा ठेवलं नव्हतं.

त्या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचा सगळा कापूस देजाच्या पैशात गेला. बाबा दुसऱ्यांच्या रुईच्या गाठी गाडीने कारंज्याला वाहायचे. मायने हातातले चांदीचे गोट मोडले. आम्ही दोघी परक्यांच्या शेतात वेचायला जायचो आणि घरी आंबाडी आणि कण्या खायचो. बाबा थोडे थोडे पैसे नेऊन द्यायचे आणि दरवेळी भाऊजी म्हणायचे, पुरे फेडल्याशिवाय फिरलं म्हणता येत नाही. पोरीले आला का पदर? बाबा म्हणायचे, नाही. माझे बाबा खोटं बोलणारे नव्हते. बाजारात त्यांच्या शब्दावर उधार मिळायची. ते दोन वर्षं माझ्यासाठी खोटं बोलले.

शेवटचे पैसे कारंज्याच्या बाजारात, पंचांपुढे द्यायचे ठरले. बाबा पहाटेच गेले. माय आणि मी दिवसभर कामाला गेलो नाही, घरातही काही केलं नाही. दिवस कलला तेव्हा गाडी आली. बाबांनी आधी बैल सोडले, पाणी दाखवलं, वैरण टाकली. मग ओट्यावर बसून पागोटं मांडीवर ठेवलं. मायने पाणी दिलं, पण विचारलं नाही. शेवटी मीच विचारलं, "घेतले का?"

"घेतले," बाबा म्हणाले. "पंचायपुढं मोजले. अखेरचा रुपया त्यानं दगडावर वाजवून पाह्यला."

"मंग?"

"खरा वाजला," बाबा म्हणाले. "काई बाकी नाई आता."